मामंजींनी पाठ केलेला तक्ता

आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, तीस वर्षं नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होते. विंगेत उभं राहून अडलेल्या नटाला पुढचं वाक्य पुटपुटायचं. टाळ्या त्याला, घसा यांचा. अजून कुणी अडलं की यांचे ओठ आपोआप हलतात. पोथी वाचताना मी थबकले, तर बाहेरच्या खोलीतून पुढची ओळ येते.

वयोमानानं त्यांच्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय. समोरच्याचे कान दिसतात, नाक गायब. दवाखान्यात नव्या औषधाची चाचणी सुरू झाली, त्यात यांनी नाव घातलं. निम्म्यांच्या डोळ्यात खरं औषध, निम्म्यांना सुई टोचल्याचा नुसता आव. कुणाला काय, हे डॉक्टरांनाही ठाऊक नाही. दर महिन्याला अक्षरांचा तक्ता वाचायचा. पहिल्यापेक्षा पंधरा अक्षरं कमी वाचली, तर मात्र गुण देणारं जुनं औषध हमखास मिळणार.

चार महिने मामंजींचं एकही अक्षर कमी होईना. घरी मात्र कोट टांगायच्या खुंटीला "या, बसा" म्हणायचे. मी देवाला रोज विनवत होते, यांची नजर राख म्हणून. तिकडे डॉक्टर खूश. मामंजींबरोबर मंगळवारी येणाऱ्या सगळ्यांचीच नजर म्हणे सुधारत होती!

पाचव्या महिन्यात मी सोबत गेले. दवाखान्यातल्या कापडी पडद्यापलीकडे एक शिंपीण आजी तक्ता वाचत होत्या. चौथ्या ओळीवर अडल्या. मामंजी जागचे न हलता पुटपुटले, "ट, र, ळ..."

आजींनी खणखणीत म्हटलं, "ट, र, ळ!"

"अहो मामंजी, हे काय?"

"अडल्या होत्या गं बिचाऱ्या."

"आणि तुमचं?"

"मला पाठ आहे. तक्तावाल्या बाईंनी मागचा दिवा लावायच्या आत म्हणून मोकळा होतो."

"मग ते जुनं औषध मिळणार कसं? डोळा पार जाईल ना!"

"तीस वर्षांत ओळ चुकलो नाही, सूनबाई. आता म्हातारपणी चुकू?"

सासऱ्यांची चहाडी करायची म्हणजे जिवावर आलं. देवाची क्षमा मागितली आणि तडक डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी मंगळवारची यादी पुढ्यात ओढली.

"म्हणजे अकराच्या अकरा जणांना हेच सांगत होते?"

"मंगळवारचे अकरा. बुधवारच्यांचं मला माहीत नाही," मी म्हटलं.

लगेच नवा तक्ता आला. मामंजींनी जुनाच सुरू केला.

"आजोबा, हा वेगळा आहे," तक्तावाल्या बाई म्हणाल्या.

मामंजी अडले. तेवढ्यात पडद्याआडून आजींचा आवाज आला, "ट, र, ळ! म्हणा की!"

"बाई, ते नाटक बदललं," मामंजी म्हणाले. मग मान तिरकी करून तक्त्याकडे बघितलं. "पहिली ओळ दिसते. पुढचं काही दिसत नाही."

बावीस अक्षरं गेली होती. जुनं औषध त्याच दिवशी द्यायचं ठरलं. डॉक्टर सुई घेऊन आले, तेव्हा मामंजींनी माझा हात घट्ट धरला.