आई, बँकॉक आणि कोलंबो

डॉक्टरांनी आईचे गुडघे पाहिले, छातीचे कागद पाहिले आणि सांगितलं, विमानप्रवास आता एकदाच, तोही लवकर. म्हणजे अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तिच्याकडे एकच परदेश उरला. तो कुठला, यावर आमच्या घरात दोन आठवडे डोकेफोड चालली. बँकॉक आणि कोलंबो तिनं एकेकदा पाहिलेली. नवीन शहर नको, एवढं तिनं स्पष्ट केलं. या दोहोंतलं कुठलं, ते मात्र सांगेना. तुम्हीच ठरवा म्हणायची आणि वालाच्या शेंगा निवडायला घ्यायची.

माझा धाकटा भाऊ गणिताचा मास्तर. त्यानं तक्ता केला. उकाड्यात दोन्ही शहरं नापास. नागपूरच्या माणसानं उकाड्यावर बोलावं म्हणजे अतिच झालं, पण आपल्याकडे माणूस वाळतो, तिकडे शिजतो. जेवणात कोलंबो पुढे, कारण भात आणि झणझणीत रस्सा. टॅक्सीत बँकॉक, कारण कोलंबोच्या रिक्षावाल्यानं मला उल्लू बनवलं होतं आणि ते मी घरी सांगायचा मूर्खपणा केला होता. शेवटचा रकाना होता 'आईला मान'. त्यात बँकॉकला दहापैकी दहा.

त्या मानाची कथा अशी. आम्ही बौद्ध. विहारात जायचं तर पांढरी साडी, हे आमच्यात सांगावं लागत नाही. बँकॉकला विहारच विहार आहेत असं ऐकून मी जरीपटक्याच्या बाजारातून आईला सहा पांढऱ्या साड्या घेतल्या. रंगीत एकही भरू दिली नाही. उगाच ओझं कशाला, म्हटलं. हुशारी माझीच.

पहिल्याच दिवशी नदीतल्या बोटीत दोघं जण आईला पाहून उठून उभे राहिले. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी वाकून तिच्या हातात पाण्याची बाटली आणि फुलांची माळ ठेवली. आईनं घाबरून त्यांना 'नमो बुद्धाय' केलं, तर ते आणखी वाकले. गाइडनं मग खुलासा केला. तिकडे घरदार सोडून व्रत घेतलेल्या बायका पांढरं नेसतात, लोक आईला त्यातली समजतायत. आणि त्या बायका दुपारनंतर जेवत नाहीत, अशी माहितीही त्यानं वर पुरवली. ती पुरवली नसती तर बरं झालं असतं.

कारण त्यानंतर चार दिवस आई चारचौघांत दुपारनंतर काही खाईना. लोकांनी विश्वासानं हात जोडले, त्यांच्यासमोर कसं खायचं, असं तिचं म्हणणं. संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत पडदे ओढून ती जवसाची चटणी आणि दशम्या खायची. दारावर टकटक झाली की डबा उशीखाली. तेवढ्यात भावानं लोक तिला हात जोडतानाचे फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकले आणि आमची आई नागपुरात नारी वस्तीपासून जरीपटक्यापर्यंत प्रसिद्ध झाली.

पुढच्या वर्षी कोलंबो. पुन्हा त्याच सहा साड्या. पौर्णिमेला आम्ही तिथल्या एका विहारात गेलो आणि मी कपाळावर हात मारला. आवारातल्या सगळ्याच बायका पांढऱ्या कपड्यांत. मी चपला ठेवायला वळले, परत पाहते तर आई गायब. अर्धा तास मी म्हाताऱ्या बायकांच्या तोंडाकडे निरखून बघत फिरले. शेवटी बोधिवृक्षामागच्या नळावर ती सापडली. झाडाला घालायला बायका तिथं लहान लहान घागरी भरून नेत होत्या, आणि आमच्या बाई नळाशी उभ्या राहून सगळ्यांच्या घागरी भरून देत होत्या. त्यांच्याशी वऱ्हाडीत गप्पा चालू. मी तिचा दंड धरून तिला बाजूला ओढलं आणि सगळ्यांसमोर फाडफाड बोलले. तिनं पदराला ओले हात पुसले. भावाच्या तक्त्यात कोलंबोपुढे 'आई हरवली' अशी नोंद झाली, ती माझ्याच सांगण्यावरून.

थोडक्यात, बँकॉक पक्कं झालं. तिकिटं काढायच्या आदल्या दुपारी मी पासपोर्ट मागायला आईकडे गेले. तिनं तो दिला, पण हातातून सोडेना. मग म्हणाली, कोलंबोचं नाही जमणार का? मी चिडलेच. इतके दिवस तोंड शिवून बसली होतीस का, असं विचारलं. बँकॉकला लोक पाया पडतात, कोलंबोत तर तुझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही, असंही म्हटलं.

"हौ ना," ती म्हणाली. "कोणीच नाही पायलं."

मग शेंगांची परात बाजूला सारून तिनं सांगितलं. तिच्या लहानपणी गावच्या विहिरीवर आमच्या लोकांना चढू देत नसत. ती घागर घेऊन खाली उभी राहायची, वरून कुणी ओतेल तेव्हा पाणी. कधी दुपार व्हायची. हे मला ठाऊक होतं. आमच्या सगळ्यांच्याच घरी ठाऊक असतं, म्हणून कुणी विचारत नाही.

"त्या नळावर एक बाई आली," आई म्हणाली. "तिचं पोरगं रडून राह्यलं होतं. तिनं आपली घागर माह्या हातात देल्ली, भर म्हणे, अन् पोराकडे वळली. मी कोण, कोणाची, काहीच नाही विचारलं. भरल्यावर तशीच घेऊन गेली अन् ते पाणी झाडाले घातलं. मंग दुसरीनं देल्ली. मले वाटलं, इथंच उभं राहावं दिवसभर."

मी पासपोर्टवरचा हात काढून घेतला.

"अन् तेवढ्यात तू आली," ती म्हणाली, "अन् मले नळावरून ओढलं."