टाकीसमोरचा दिवा

बाबा मंगळवारी सकाळी गेले. परळच्या आमच्या खोलीत जिथे त्यांना ठेवलं होतं, तिथे आईने दिवा लावला. तेरा दिवस तो विझू द्यायचा नव्हता. ती जागा बाबांच्या माशाच्या टाकीसमोर होती.

टाकीत एकच कॅटफिश होता. त्याला उजेड सोसत नसे, म्हणून दिवसभर तो नळीच्या तुकड्यात बसून राही. संध्याकाळी बाबा ट्यूब बंद करून म्हणायचे, “ये रे, गेला उजेड,” आणि तो खायला बाहेर येई.

त्या दिवसांत मी टाकलेले दाणे रोज सकाळी तळाशी तसेच दिसत. त्यालाही बाबा गेल्याचं कळलंय, असं मी धरून चालले होते आणि मला त्याचा आधार वाटत होता. नवव्या दिवशी शेजारचे काका म्हणाले, “अगं शहाणे, त्याच्या तोंडापुढे दिवा ठेवलाय तुम्ही. उपाशी मारणार त्याला!”

आईने दिवा हलवला नाही. बाबांची शाल आणून तिने दिव्याच्या बाजूने टाकीवर सोडली. दुसऱ्या सकाळी दाणे संपले होते. मला रडू आलं.

आता दिवा नाही. संध्याकाळी मी ट्यूब बंद करते. हाक मारत नाही. मासा बाहेर येतो.