मुठीतली मुलगी

वेंडल होफरला बासष्टाव्या वर्षी जुन्या पिस्तुलांचा नाद लागला. नाद म्हणायला पिस्तूल एकच होतं, आणि तेही शेजाऱ्याचं. बायको डोरीन जाऊन अडीच वर्षं झाली होती, मुलगी सिअ‍ॅटलला, आणि नेब्रास्कातल्या त्या कच्च्या रस्त्यावर मैलभरात घरं दोनच. एक त्याचं, समोरचं क्लेटन बार्टाचं. क्लेटन जन्मभर सडाफटिंग राहिला आणि एप्रिलमध्ये गेला. पुतण्यांनी त्याचं सगळं सामान अंगणात मांडून लिलाव पुकारला. वेंडल शिडी घ्यायला गेला आणि सैन्यातलं पंचेचाळीस कॅलिबरचं पिस्तूल घेऊन परत आला. का घेतलं, हे त्याला विचारणारंही घरात कोणी नव्हतं.

मग त्याने जाडजूड पुस्तक आणलं, भिंग आणलं. पस्तीस वर्षं धान्याच्या गोदामात वजनकाट्यावर काढलेला माणूस. आकड्यांत त्याचं मन रमे. संध्याकाळी सुपाचा डबा गरम करायचा आणि तो खाता खाता पिस्तुलावरचा नंबर पुस्तकातल्या तक्त्याशी ताडून बघायचा. कोणता शिक्का कोणत्या तपासनिसाचा, घोड्याचा आकार कोणत्या सालचा, सगळं त्याने वहीत उतरवलं.

जिल्ह्याच्या जत्रेच्या हॉलमध्ये दर दोन महिन्यांनी बंदुकांचा बाजार भरे. तिथे कोपऱ्यातलं टेबल मॅव्हिस टोलरचं. म्हातारी ऐंशीला आलेली. नवऱ्यामागे त्याचं टेबल तिने चालवलं आणि त्याच्यापेक्षा बरं चालवलं. टेबलामागे चार घडीच्या खुर्च्या, मध्ये कॉफी आणि कोलाचे, म्हणजे जर्दाळू भरलेले गोड पाव. मॅव्हिसने ‘बस’ म्हटलं की माणूस संध्याकाळपर्यंत तिथेच. वेंडल दोन बाजारांना जाऊन उभ्यानेच कॉफी पिऊन आला होता. त्याला पिस्तुलाची किंमत हवी होती असं तो म्हणे. खरं तर त्याला ती खुर्ची हवी होती. स्वतःशी त्याने हे कबूल केलं नाही, पण आपण करायला हरकत नाही.

ऑक्टोबरच्या बाजारात त्याने धीर करून पिस्तूल तिच्यापुढे ठेवलं.

“रिकामं आहे ना?” मॅव्हिसने विचारलं.

“हो, मिसेस टोलर. दोनदा बघितलंय.”

“मग मी तिसऱ्यांदा बघते.” तिने मॅगझिन काढलं, वरचा भाग मागे ओढला, आत डोकावली आणि मग भिंग डोळ्याला लावलं. “त्रेचाळीस सालचं. शिक्के जागच्या जागी. आणि मूळचा राखाडी लेप तसाच ठेवलास! नवखे आधी घासून चकचकीत करतात आणि मग किंमत पडली की माझ्यापुढे नाक ओढत बसतात. शिकलास की रे.”

वेंडलचे कान लाल झाले. एका खुर्चीवर रूडी क्रूल नावाचा शेतकरी बसला होता, त्याने पाय आवरून जागा केली. वेंडल बसणार, तेवढ्यात मॅव्हिसचा अंगठा मुठीच्या बाजूला बसवलेल्या पट्टीवर थांबला.

“या पट्ट्या कुठल्या?”

“त्या त्याच काळातल्या आहेत. टपालाने मागवल्या,” वेंडल उत्साहाने म्हणाला. “पुस्तकात तपकिरी दाखवल्यात ना, म्हणून बदलल्या. आधीच्या कसल्यातरी पिवळट, पारदर्शक होत्या. घरीच कापलेल्या. एकीखाली कुठल्याशा पोरीचा फोटो होता.”

“मेलो!” रूडी कपाळाला हात लावून म्हणाला. “गड्याने घातच केला की.”

मॅव्हिस हसली नाही. “वेंडल, ती पडलेल्या विमानाच्या खिडकीची प्लास्टिकची काच होती. महायुद्धात पोरं खंदकात बसून ती चाकूने कापायची आणि खाली आपल्या माणसाचा फोटो घालायची. माझ्या भावाने केलं होतं. सरकारने असली पिस्तुलं लाखांनी बनवली, त्यांना काय तोटा! ती पोरगी मात्र एकच होती. कुठे टाकल्यास पट्ट्या?”

“पिंपात.”

घरामागचं कचरा जाळायचं पिंप तिथे प्रत्येकाकडे होतं, त्यामुळे कुठलं पिंप, हे विचारायची गरज पडली नाही.

“पेटवलंस?”

वेंडलला आठवेना. वारा होता म्हणून राहिलं ते गेल्या रविवारी, की त्याआधीच्या, आणि गेल्या रविवारी पेटवलं होतं?

“हे आहे तसं नऊशे डॉलरचं,” मॅव्हिस म्हणाली. “पट्ट्या मिळाल्या आणि सोबत कागद असला तर अडीच हजार. पिस्तूल कोणाचं, पोरगी कोण, जे माहीत असेल ते लिही. खाली सही कर आणि त्या माणसाशी तुझं नातं काय तेही लिही. हा कागद नसेल तर पुढच्याला नुसतं लोखंड मिळतं. तू तर शेजारी. कोण होती ती?”

“माहीत नाही.”

“किती वर्षांचा शेजार?”

“सव्वीस.”

मॅव्हिसने भिंग खाली ठेवलं. तिने एक कोलाचे रुमालात बांधून त्याच्या हातात दिला. “जा आधी. पिंप बघ.”

चाळीस मैल वेंडल जीव मुठीत धरून गाडी हाकत होता. समोरून येणारा प्रत्येक जण स्टेअरिंगवरचं एक बोट उचलत होता आणि तोही उचलत होता. त्या भागात नमस्कार एवढ्यावर भागतो. क्लेटनशीही सव्वीस वर्षं एवढ्यावरच भागलं होतं.

पिंप पेटवलेलं नव्हतं. वेंडलने ते अंगणात पालथं केलं. सुपाचे डबे, पावाच्या पिशव्या, एकट्यापुरत्या जेवणाची पाकिटं, सगळा महिना गवतावर पसरला. तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन्ही पट्ट्या होत्या. पोरगी काचेखाली हसत होती, पुढचा एक दात किंचित वाकडा. त्याने फोटो सोडवून मागे बघितलं. मागे काहीच लिहिलेलं नव्हतं.

त्याने स्क्रू काढले आणि पोरीला जागेवर बसवलं. मग स्वयंपाकघरात टेबलाशी बसून कागद लिहायला घेतला. ‘हे पिस्तूल क्लेटन बार्टाचं. तो माझ्या समोर राहायचा. त्याने लग्न केलं नाही. मुलीचं नाव मला माहीत नाही.’ एवढ्यात संपलं. चौकटीतून क्लेटनची बंद खिडकी दिसत होती. किती संध्याकाळी तिथे दिवा होता, इथेही होता, आणि मध्ये रस्ता वीस पावलांचा. विचारलं असतं तर त्याने सांगितलंही असतं.

मग त्याला डोरीनला पोचवायचा दिवस आठवला. फेब्रुवारी, रात्रभर बर्फ. पहाटे वेंडल फावडं घेऊन बाहेर आला, तर त्याच्या दारापासून रस्त्यापर्यंतची वाट साफ होती. क्लेटन ट्रॅक्टर आपल्या शेडमध्ये लावत होता, ऐंशीचा म्हातारा. वेंडलने हात वर केला. उद्या जाऊन दोन शब्द बोलू, असं त्याने ठरवलं होतं. त्यानंतर दोन हिवाळे गेले.

त्याने ते कागदावर लिहिलं. ‘मी आभार मानायला गेलो नाही’ हेही लिहिलं, आणि मग त्याला रडू आवरेना. मॅव्हिसने दिलेला कोलाचे तसाच रुमालात राहिला.

शेवटी त्याने सही केली. सहीखाली ‘नातं’ असं लिहिलं आणि त्यापुढे ‘शेजारी’. तो शब्द खोडावा की ठेवावा, हे ठरवत तो कितीतरी वेळ पेन हातात घेऊन बसला.