मागच्या दाराचा खटका

मागचं दार उघडलं! गाडी चालू, मी स्टेरिंगवर, आरशात बघती तर माझी तीन वर्साची पोरगी दाराच्या हँडलाला लोंबकळलेली, निम्मी आत, निम्मी भाईर. मी ब्रेकवर उभीच राह्यले. पोरगी सीटांच्या मधी आपटली. भाईर कशी न्हाय पडली ते मला आजून कळलं न्हाय.

भवानीनगरच्या अलीकडं झालं हे. पोरीला ताप व्हता म्हणून अंथुर्ण्यावरनं बारामतीला दवाखान्यात चालले व्हते. म्होरं उसाच्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, म्हणून गाडी हळू व्हती. तेवढंच नशीब.

मागनं दुधाचे कॅन लावलेला मोटारसायकलवाला आला. "ओ ताई, लेकरू सांडत चाललंय की! ध्यान कुठं हाय?" मी उतरून पोरीला उचललं. त्यानंच दाराच्या कडंला बोट लावून बारीक खटका दावला. "ह्यो खाली करा, मंग आतनं उघडत न्हाय. उसाच्या ट्रॉलीलाबी ऊस सांडू नये म्हणून मागनं फाळका लावत्यात, अन तुमी एवढी मोठी गाडी उघडीच पळवताय व्हय?"

खटका शोरूममधी दावला व्हता की. पण आमी काय बघितलं? उंच हाय, खड्ड्यात घासत न्हाय, डिकीत दोन पोती मावत्यात. घरी आणल्यावर सासूबाईंना आतनं दार उघडंना, तवा ह्यांनी खटका वर केला, तो वरच. अन सीटांचं प्लॅस्टिक काढायचं न्हाय, नवी दिसती म्हणं. पट्ट्याची बक्कलं त्याच्याच खाली दबलेली. पोरीला पट्टा कधी लावलाच न्हाय मी.

मोटारसायकलवाला गेला. मी पोरीला मांडीवर घिऊन रस्त्याच्या कडंला बसले. ह्यांना फोन लावला, पुण्याला कंपनीत असत्यात, शिफ्टला उचलत न्हाईत. दुसरं कुणाला लावावा? पाच जणांची गाडी, पर आठवडाभर तिच्यात आमी दोघीच.

मंग दातानं प्लॅस्टिक फाडलं, बक्कल वर काढलं, पट्टा लावला, खटका खाली केला. पट्टा तिच्या गळ्याशी येत व्हता. ल्हान लेकराला येगळी सीट लागती हे दवाखान्यातल्या बाईनं सांगितलं तवा कळलं.

रविवारी हे आले. समदे बारामतीला गेलो. उतरताना सासूबाई आतनं दार बडवाया लागल्या, "मी काय चोर हाय व्हय गं, कोंडून घालाया?" हे म्हणले, "खटका कुणी खाली केला? अन प्लॅस्टिक कुणी फाडलं?" मी म्हणले, पोरीनं. सासूबाई म्हणल्या, "माझी नात न्हाय फाडायची, आईचंच काम हे." समदे हासले. मीबी हासले.

ह्यांनी खटका वर केला. येताना पोरगी आजीच्या मांडीवर, त्याच दारापाशी. मी पट्टा लावा म्हणले तर सासूबाई म्हणल्या, "माझ्या मांडीवरनं कुठं पळतीया?" हे गाडी चालवत व्हते. मी म्होरच्या सीटवर मान वळवून नुसती तिच्या हाताकडं बघत व्हते. तो हँडलाकडं गेला की माझा हात मागं जायचा.

त्या दिवशी दार उघडलं ते खरं सांगावं तर गाडीची चावी जाती माझी. मंग घर अन गोठा, दवाखान्याला जायचं तरी रविवारपातुर वाट बघायची. न्हाय सांगावं तर पोरगी दारापाशी बसलेली. अंथुर्णं यायला आजून लई येळ व्हता, अन तिनं हँडल धरलं.

तुमी काय केलं असतं?