भाभींनी टपाल बंद केलं

भाभी गेल्याचा फोन भाईसांनी स्वतः केला. दुपारची वेळ होती. धुळ्यातल्या माझ्या भांड्यांच्या दुकानात एक बाई कुकर उलटासुलटा करून बघत होत्या, आणि मोबाईलवर थोरल्या भावाचं नाव आलं. "मदन, तुझी भाभी गेली रे..." एवढंच. दुकानातला दगडू माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "काय व्हयनं शेठ? बठ्ठं ठीक शे ना?" मी मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून, मलाच ठाऊक नाही. रडू तर आलंच. पण खरं सांगतो, रडता रडता एका गोष्टीने जीव शांत होता: फोन भाईसांनी केला होता. हीच बातमी काही वर्षांपूर्वी यायची असती, तर मला कळवलं कुणी असतं? तेव्हा आम्हा भावांमधली प्रत्येक गोष्ट भाभीच नेत आणि आणत. भाभी गेल्याची बातमी आणायला भाभी कुठून येणार होत्या?

कांताभाभी माहेरच्या पारोळ्याच्या. लग्न होऊन जळगावला आल्या तेव्हा बारावी झालेल्या. मग मुलं सांभाळून मानसशास्त्रात एम.ए. केलं आणि कॉलेजात शिकवायला लागल्या. आमचं घर मारवाडी जैन. घरात मारवाडी, दुकानात अहिराणी, कागदावर मराठी. त्यात भाभींनी मेंदू आणला. मेथी निवडता निवडता सांगायच्या, "देवरजी, आपल्या डोक्यात बदामाएवढा एक पहारेकरी असतो. तो ओळखायच्या आधी भुंकतो. साप दिसो की सासू, त्याला सारखंच." माझी आई शेजारीच बसलेली असे, आणि तीच सगळ्यात जास्त हसे! "आणि तो भुंकायला लागला की कपाळामागचा शहाणा मुनीम गादीवरून उठून जातो. मुनीम परत येईपर्यंत कुणाला काही समजवायला जाऊ नये." म्हणून कुणी तावातावाने तक्रार घेऊन आलं की भाभी त्याला आधी सामायिकला बसवत. सामायिक ही आमच्यातली रोजची साधना. तोंडाला मुहपत्ती बांधायची, आसनावर बसायचं, समोर रेतीची घडी उलटी करून ठेवायची आणि वरची रेती पूर्ण खाली येईपर्यंत, म्हणजे पाऊण तासाहून थोडं जास्तच, जागचं हलायचं नाही. आमच्या वाडवडिलांना तो बदाम माहीत नसेल, पण मुनीमाला परत यायला किती वेळ लागतो हे त्यांना बरोबर कळलं होतं, असं भाभींचं म्हणणं.

तक्रारींना तोटा नव्हता. जळगावच्या आमच्या संघात, म्हणजे स्थानकात, आमच्या धर्मस्थानात, जमणाऱ्या सगळ्या घरांमध्ये, सदान्‌कदा काही ना काही धुसफुसत असायचं, आणि खापर फुटायचं ते मंत्र्यावर, म्हणजे संघाच्या सेक्रेटरीवर. चातुर्मासाची व्यवस्था चुकली, मंत्री जबाबदार. सतरंज्या कमी पडल्या, मंत्री जबाबदार. मंत्री बदलायचे, नवा माणूस यायचा, आणि दिवाळीपर्यंत तोही नालायक ठरायचा. भाभी म्हणायच्या, "घरात एकाच पोराचं पोट सारखं दुखतं ना, तेव्हा कधीकधी त्या पोराला काही झालेलं नसतं. आईबापांत अबोला असतो. संघही घरच आहे. अध्यक्ष आणि खजिनदार एकमेकांशी बोलत नाहीत, आणि पोट मंत्र्याचं दुखतंय." अगदी बरोबर. पण गंमत अशी की सकाळी अध्यक्षांच्या घरातून आणि दुपारी खजिनदारांच्या घरातून माणसं यायची ती भाभींच्याच ओट्यावर. याचं त्याला, त्याचं याला, सगळं भाभींच्या तोंडून. भाभींशिवाय संघाचं पान हलत नसे.

आणि आमचं तरी काय वेगळं होतं! माझ्या नेहाने सावद्याच्या पाटलांच्या मुलाशी लग्न ठरवलं. केळीच्या बागा, सालस माणसं, मुलगा हिऱ्यासारखा. मी हो म्हटलं. त्या वर्षी पर्युषणात मी जळगावलाच होतो. शेवटच्या दिवशी संवत्सरीचा उपवास झाला, संध्याकाळी प्रतिक्रमणात साऱ्या जीवमात्रांची क्षमा मागून झाली, आणि दुसऱ्या दिवशी पारण्याच्या पंगतीत, ताटात शिरा वाढलेला असताना, भाईसा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ज्याला पोर सांभाळता आली नाही, त्याने धर्माच्या पंगतीत कशाला बसावं?" थाळी धुऊन ते पाणीसुद्धा पिणारी आम्ही माणसं, अन्नाचा कण टाकत नाही. आणि मी भरल्या ताटावरून उठलो. अंगाची नुसती लाही लाही झाली होती.

तिथून पुढे भावाभावांत शब्द नाही. पण भाभींमुळे सगळं सुरळीत! आईच्या श्राविका मैत्रिणी विचारत, "भाऊ-भाऊ कसे आहात?" तर मी म्हणे, "छान!" भाईसांची खुशाली मला मिळे, माझी त्यांना. दर संवत्सरीला मी गावभर 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणून क्षमेचे मेसेज धाडत असे, ज्यांच्याशी माझं उभ्या जन्मात वाकडं झालं नाही अशांनासुद्धा. आणि भाईसांना? भाभींना सांगायचो, "त्यांना माझंही सांगा." भाभी सांगत. त्यांचंही मला सांगत. ते तसं म्हणाले होते की भाभींनी पदरचं घातलं, मी कधी विचारलं नाही.

मग एका संवत्सरीला, प्रतिक्रमण आटोपून मंडळी एकमेकांपुढे हात जोडायला उठणार तोच भाभी स्थानकात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "माझी एक विनंती आहे. ज्याच्याशी भांडलोच नाही त्याची क्षमा यंदा कुणी मागू नका. ज्याच्याशी भांडलो, त्याच्याकडेच जा. आणि आजपासून माझ्या ओट्यावर टपाल बंद." आधी हशा पिकला. मग बाई खरंच म्हणतायत हे ध्यानात आलं. अध्यक्षांना तर ते फारच झोंबलं. रात्री भाभींचा मला फोन. "देवरजी, यापुढे मी तुमचा निरोप त्यांना सांगणार नाही, त्यांचा तुम्हाला सांगणार नाही." मी उडालोच. "अहो, मग आमचं व्हायचं कसं?" त्या म्हणाल्या, "मला वाटायचं, मी तुम्हाला जोडून ठेवते. मी तर तुमच्या मधे उभी आहे. आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडत होतं. दोघांनाही माझ्याशिवाय चालत नाही, हे फार आवडत होतं... मी मधून निघते. पुढे तुमचं तुम्ही बघा."

त्या वर्षाने आमची हाडं खिळखिळी केली. भाईसांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, मला पत्ता नाही. नेहाला मुलगी झाली, त्यांना पत्ता नाही. मी चिडून भाभींना फोन करायचो. त्या माझी चौकशी करायच्या, नेहाची करायच्या, माझ्या गुडघ्याचीसुद्धा. भाईसांचं नाव निघालं की म्हणायच्या, "नंबर आहे ना तुमच्याकडे?" नातेवाईक म्हणाले, बाई कठोर झाली, शिकून डोकं फिरलं. नंतर भाभींनीच मला सांगितलं, की नेहाला मुलगी झाल्याचं कळलं त्या दिवशी नवऱ्याला सांगायला त्यांचा जीव नुसता तळमळत होता. भाईसा समोर पेपर वाचत बसलेले. भाभी उठल्या, आतल्या खोलीत गेल्या, घडी उलटी केली. एकदा रेती संपली, पुन्हा उलटी केली.

आणि पुढच्या संवत्सरीच्या आदल्या दिवशी भाईसांचा फोन. "पारोळ्याला ये." बस्स. जळगाव आणि धुळ्याच्या मधे पारोळा. ना त्यांचं घर, ना माझं. स्टँडसमोरच्या हॉटेलात बसलो. क्षमा वगैरे कुठली! आम्ही भांडलो. असं भांडलो की चहावर साय धरली आणि शेजारच्या बाकावरचा प्रवासी आपली पिशवी घेऊन लांब जाऊन बसला. पंगतीचं काढलं, लहानपणचं काढलं, वडील कुणाचे लाडके होते तेही काढलं. शेवटी दोघांचेही घसे बसले. भाईसा कपातली साय चमच्याने बाजूला करत म्हणाले, "पोरीबद्दल बोललो ते चुकलंच माझं... कशी आहे ती?" मी मोबाईल काढून फोटो दाखवला. "ही कोण?" "तुमची नात." ते तो फोटो किती तरी वेळ डोळ्यांजवळ धरून बसले. उठताना मी आनंदाने भाभींना फोन लावला. त्या म्हणाल्या, "मला कशाला सांगताय? त्यांना सांगा." आणि मग नाक शिंकरल्याचा आवाज आला.

पुढे भाभी आजारी पडल्या, पण त्या घरात मग मोकळेपणी ये-जा होती. शेवटची भेट झाली तेव्हा नेहाची लेक भाभींच्या पलंगावर बसून घडी सारखी उलटीसुलटी करत होती, आणि भाईसा तिला ओरडत होते, "अगं, फोडशील!" भाभी डोळे मिटून हसत होत्या. काळजी करायला काही उरलेलं नाही, असा तो चेहरा होता. संघाचंही काही बिघडलं नाही. भाभींच्या उठावण्याला, शोकसभेला, अध्यक्ष आणि खजिनदार एकाच सतरंजीवर बसून आपसात कुरकुरत होते. कुरकुरत का होईना, आपसात!

आता एक कबूल करतो. हा लेख लिहिला आणि मी नेहाला वाचून दाखवला. भाईसांना तेवढं बोललो नाही. म्हटलं, त्यांना त्रास होईल, नेहा हळूच सांगेल. बघा, एवढं रामायण होऊनही... काल सकाळी फोन. "मदन! माझ्या बायकोवर लिहितोस आणि मला परभारे कळतं? लाज कशी वाटत नाही?" चांगलेच तापले होते. मी म्हटलं, "भाईसा, जरा शांत व्हा..." "शांत काय शांत! तिची घडी लावून बसलो होतो. सगळी रेती खाली आली, तरी राग आहेच. म्हणून तुलाच फोन केला."

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मी चष्मा लावला आणि त्यांना पहिल्यापासून वाचून दाखवायला लागलो. पंगतीशी आलो तेव्हा ते म्हणाले, "शिरा नव्हता. लापशी होती." मी विचारलं, "हे पंगतीचं काढून टाकू का?"

"राहू दे. तू भरल्या ताटावरून उठलास तो माझ्यामुळे. राहू दे ते."

पलीकडे पाटावर काहीतरी टक् करून ठेवल्याचा आवाज आला. तो आवाज मी ओळखतो. त्यांनी घडी पुन्हा उलटी केली होती.

"हं," भाईसा म्हणाले, "वाच पुढे. मी बसलोय."