भंडारा उचलल्यानंतर

पोपटराव कॉटवर मांडी घालून बसले होते आणि दोन्ही हातांनी क्रेन चालवत होते. वॉर्डात अर्थातच क्रेन नव्हती. पण त्यांना ती दिसत होती, तिचे दांडे दिसत होते आणि समोर उसाने भरलेला ट्रकही दिसत होता.

"ताई, बाजूला व्हा! मोळी खाली येतीया!" ते आमच्या सिस्टरवर ओरडले. सिस्टर खरंच बाजूला झाल्या. पोपटरावांचा आवाजच तसा होता.

मी बारामतीत मानसोपचाराची प्रॅक्टिस करते. माझ्याकडे येणाऱ्यांत दारूचे पेशंट बरेच असतात आणि त्यांना घेऊन येणारे नातेवाईक बहुतेक वेळा पेशंटपेक्षा जास्त चिडलेले असतात. त्या दिवशी चिडण्याचं काम थोरल्या भावाकडे होतं. सगळं अंथुर्णे गाव त्यांना आबा म्हणतं. पांढरी टोपी, घट्ट मिटलेले ओठ, आणि हातात गाडीची किल्ली. म्हणजे त्यांचा निघायचा बेत आधीच ठरलेला होता.

"मॅडम, तुमचं इंजेक्शन काय आसंल ते लवकर द्या. आमाला जेजुरीला जायचंय."

"कोणाला?"

"ह्याला घिऊन. ह्यानं खंडोबाचा भंडारा उचलून शपथ घेतली, दारूला शिवणार न्हाय म्हणून. आन् चोरून पिला. आता देव भोगायला लावतुया. वाटंत फिट आली म्हणून हितं थांबलो, न्हायतर एवढ्यात पायरीला लागलो आसतो."

पोपटराव कारखान्यात क्रेन ऑपरेटर. ट्रकमधून आलेला ऊस उचलून गव्हाणीत, म्हणजे ऊस आत नेणाऱ्या पट्ट्यावर टाकायचा, हे त्यांचं काम. कितीतरी वर्षं रोज पिणं चाललेलं. सकाळी एक घोट घेतल्याशिवाय हात स्थिर होत नसत. शेवटी दोन दिवसांपूर्वी आबांनी देव्हाऱ्यासमोर बसवून हळद हातात दिली. आमच्या भागात भंडारा उचलणं ही साधीसुधी गोष्ट नाही. त्यापुढे कोर्टातली शपथ म्हणजे पोरखेळ.

मी तपासलं. नाडी पळत होती, अंगाला दरदरून घाम, ताप, बोटं थरथरत होती. मी सिस्टरना इंजेक्शन द्यायला सांगितलं आणि आबांना म्हणाले, "यांना आज कुठेही नेता येणार नाही. रस्त्यात जीव जाईल."

"देवाच्या दारात जीव जात न्हाय, मॅडम."

राग आला मला. पण समोरचा माणूस भावाचं वाईट चिंतत नव्हता, हेही दिसत होतं. सही करून पेशंटला घेऊन जायचा हक्क त्यांना होता. माझ्याकडे फक्त तोंड होतं. म्हणून आधी पोपटरावांच्या बायकोशी बोलायचं ठरवलं. सुनंदाताई दाराशी पदर डोक्यावर ओढून उभ्या होत्या. थोरल्या दिरासमोर त्या बोलल्या नसत्या, म्हणून त्यांना माझ्या केबिनमध्ये घेतलं.

"शेवटची दारू कधी घेतली यांनी?"

"भंडारा उचलला त्याच्या आदल्या सांजंला."

"त्यानंतर?"

"न्हाय वो, मॅडम. आबांनीच सांगितलं व्हतं खोलीत ठिवा म्हणून. कडी माज्याच हातानं लावत हुते. कुठनं पितील?" त्या थांबल्या, दाराकडे पाहिलं, आणि आवाज आणखी खाली आणला. "दुसऱ्या दिशी लई थरथराया लागले. शेजारीण म्हनली, थोडी पाज, थांबंल. म्या कपात घिऊन गेले. पाप माजंच. तर ह्यांनी दात असे आवळून धरले. म्हनले, सुनंदा, आबानं भंडारा दिलाय. न्हाय म्हंजे न्हाय."

 

"हे आबांना सांगितलंत?"

"कपाचं कसं सांगू?"

"मी सांगू का?"

पदराचं टोक चाचपत त्या म्हणाल्या, "सांगा."

बाहेर येऊन मी आबांना बाकावर बसवलं. "आबा, तुमच्या गोठ्याचं दार दोन्ही बाजूंनी दोन माणसं जोर लावून ढकलतायत असं समजा. एकीकडे दारू, दुसरीकडे मेंदू. दारू मेंदूला दाबते, मेंदू उलटा रेटा देतो. कितीतरी वर्षं हे चाललंय. आता एक माणूस एकदम बाजूला झाला, तर दुसऱ्याचं काय होईल?"

"तोंडावर आपटंल."

"तेच झालंय. याला आम्ही विथड्रॉवल म्हणतो. ही थरथर, ही फिट, हे भास दारूमुळे नाहीत, दारू एकदम थांबल्यामुळे आहेत. दोन-तीन दिवसांत हा झटका येतो. पोपटरावांनी चोरून घेतली असती तर आज ते इथे नसते, मजेत घरी असते." मग कपाचंही सांगितलं. "तुमच्या भावाने शपथ मोडली नाही, आबा. अशी पाळलीय की जिवावर बेतलंय."

आबांनी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. "वाटंत म्या त्याच्या कानफटात मारली वो," ते म्हणाले. "खोटारडा म्हणून."



मग ते उठून वॉर्डात गेले. गाडीची किल्ली बाकावरच राहिली. पोपटराव अजून दांडे ओढत होते. "फुडची गाडी घ्या! लाईन लागलीया भायेर!"

आबा कॉटवर त्यांच्या शेजारी बसले. "घेतली, पोपट. समद्या गाड्या खाली झाल्या. तुजी पाळी सपली. बदली मानूस आलाय, उतर आता."

पोपटरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. ओळखलं की नाही देव जाणे. हात खाली आले. आबांनी त्यांना आडवं केलं आणि त्या थरथरत्या बोटांवर आपला हात ठेवून बसून राहिले. इंजेक्शन लागू पडायचीही वेळ झाली होती, हे मी डॉक्टर म्हणून नमूद करते. पण श्रेयात वाटा मागायला मी गेले नाही.

पोपटराव सावरले. डिस्चार्जच्या वेळी आबा खुशीत. "सपलं म्हणायचं, मॅडम?"

"शरीराचं संपलं. ओढ राहणार. एखाद्या वेळी घसरतीलही. तेव्हा जेजुरी नको आणि कानफटही नको. सरळ इकडे आणा."

घसरले. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, आणि कामावरच्या जोडीदारांच्या जेवणात ग्लास हातात आला. मग मात्र पोपटरावांनी धरबंधच सोडला. शपथ मोडलीच आहे, आता काय राहिलं, असा त्यांचा हिशेब. हा हिशेब मी पेशंटच्या तोंडून फार वेळा ऐकलाय. एका घोटापेक्षा त्या घोटाची लाजच माणसाला जास्त पाजते.

आबा त्यांना मोटारसायकलवर मागे बसवून घेऊन आले. पोपटराव मान वर करेनात. आबाच बोलले.

"मॅडम, भंडारा म्या उचलाया लावला हुता. मोडल्याचं काय आसंल ते देवाचं आन् माजं. त्याच्या डोक्यावर न्हाय. तुमी ह्याला तपासा."

पोपटराव तिथेच ढसाढसा रडले. मला वाटतं, त्यांची दारू सुटायला खरी सुरुवात त्या दिवशी झाली. औषधं, दर महिन्याची फेरी, सगळं त्यानंतर नीट लागलं. आज ते पुन्हा क्रेनवर आहेत, खऱ्या क्रेनवर.

आणि मी एक प्रश्न बदलला. नातेवाइकांना "किती पितात?" हे मी नंतर विचारते. आधी विचारते, "शपथ कधी घातलीत?" उत्तर "परवा" आलं, की सिस्टर न सांगता कॉट तयार करायला घेतात.

अंथुर्ण्याहून मात्र असा पेशंट आता येत नाही. तिकडे कुणी भावाला देव्हाऱ्यासमोर बसवायला निघाला, की आबा वाटेत आडवे होतात. "आदी मॅडमकडं ने," म्हणतात. "खंडोबा कुठं पळून जातुया का?"