वर्षाच्या आतलं लग्न

बायको जाऊन महिना झाला नव्हता, तोच माझी मोठी बहीण जूचंद्रहून आली आणि लग्नाचं बोलायला लागली. माझ्या मुलीच्या लग्नाचं. आमच्यात घरातलं माणूस गेलं की मुलांची लग्नं वर्षाच्या आत उरकतात, नाहीतर तीन वर्षं थांबतात. हा नेम कुणी घातला ठाऊक नाही. पाळतात सगळे.

मुलगी तेव्हा मुंबईत संशोधन करत होती. मी सातवी नापास, वालीवच्या कारखान्यात जन्म गेला. तरी तिचं काम मला सांगता येतं, कारण तिनं ते आईला समजावलं होतं तेव्हा मी तिथंच जेवत होतो. फार लांब ताऱ्यांचे प्रचंड गोतावळे आहेत, त्यांना दीर्घिका म्हणतात. काहींच्या मधोमध कृष्णविवर असतं. त्याच्याजवळून झोत सुटतो आणि त्यातून गॅमा किरण येतात, म्हणजे उजेडाचीच एक जबर जात. ते झोतात नेमके कुठं तयार होतात यावर शिकलेल्यांची भांडणं.

"आई, खाडीचं पाणी अडवणाऱ्या खारबांधाची झडप उघडली की फेस कुठं येतो?"

"झडपेशी थोडा. पुढं वाहतं पानी थांबलेल्या पान्यावर आदळतं, तिथं जास्त."

"आमचा फेस कुठला तेच कळत नाही. विवराजवळचा म्हणावा, तर तिथल्या उजेडाच्या दाटीत हे किरण बाहेर पडण्याआधीच गिळले जातील. लांबचा म्हणावा, तर ते एका दिवसात कमीजास्त होतात. इतक्या झटपट बदलायला जागा लहान लागते."

"मग शोध की. कोन अडवतंय?" बायको म्हणाली.

ती गेली आणि अडवणारे आले. बहिणीनं स्थळच आणलं. मुलाची आई ओटीवर बसून विचारते, "किरनांचं काम म्हंजे एक्स-रे ना? पुढं पोरंबाळं होतील ना हिला?"

मी म्हणालो, "ते किरण वर हवेतच अडतात. माझी पोर नुसते आकडे बघते. तुमच्या आजीच्या डोक्यावरही तेच होते, तरी तुम्ही झालातच ना?"

पाहुणे चहा न पिता उठले.

"बायको गेली तशी अक्कलपन गेली तुझी!" बहीण ओरडली. "आता वर्षात दुसरं कोन येतंय? तीन वर्षं थांबावं लागंल!"

"थांबू. नेम तुमचाच ना, आक्का? आता मी पाळतो."

खरा त्रास पुढंच होता. आईच्या दिवसांना आलेली मुलगी अजून घरीच होती, ती आतून आली. "बाबा, मी राहते इथंच. तुम्ही एकटे कसे राहाल? अभ्यासाचं बघू नंतर."

माझं डोकं फिरलं. "आई मेली ती तुला चुलीपाशी बसवायला? मला भात येतो. करपला तर करपलेला खाईन."

तिची बॅग मीच रिक्षात टाकली. ती रडत गेली. घरात येऊन मीपण रडलो, त्यात लाज कसली. बायकोची पातळं अजून दोरीवर होती. ती काढायला सांगणारे पुष्कळ होते. नाही काढली.

वर्षश्राद्धाला मुलगी आली. फेस कुठला याचं उत्तर मिळालं नव्हतं. एकेका दीर्घिकेत वेगळंही असेल, म्हणाली. पंगतीत बहिणीनं मला ऐकवलंच, "एवढं करून हाती काय लागलं तिच्या?"

"अजून शोधतेय," मी म्हटलं. "तू जेव."